जुने फोटो दुरुस्त करताना बारकावे कसे वाचवायचे: स्कॅनपासून प्रिंटपर्यंत

कोणी जुना फोटो "एकदम नवा करून घेतलाय" म्हणून दाखवला की मी चेहरा नंतर बघते, आधी कान बघते. मग केसांची कड आणि मग कापडाची वीण. चेहऱ्यावर सगळेच मन लावून काम करतात, कानापर्यंत येईस्तोवर कंटाळा आलेला असतो, नाहीतर सॉफ्टवेअरने तिथे कणीक मळून ठेवलेली असते. डाग गेले, चुण्या गेल्या, आणि त्यांच्या जोडीने भुवयांचे सुटे केस, डोळ्यांखालच्या बारीक रेषा, सदऱ्याच्या काजाभोवतीचे टाके असं सगळं पण गेलं. लांबून फोटो छान दिसतो, जवळून बघितला तर मेणाचा पुतळा.

माझा साधा हिशोब असा की फोटोत जे अजून शिल्लक आहे ते बाहेर काढणं हे पहिलं काम, जे कायमचं गेलंय ते भरणं हे दुसरं, आणि हे दुसरं जितकं कमी करावं लागेल तितकं बरं. खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत. मी फोटोशॉप वापरते, पण यातलं बहुतेक सगळं गिंपमध्ये किंवा ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फोटोपीमध्ये फुकटात होतं, त्यामुळे सॉफ्टवेअर नाही म्हणून अडून बसू नका.

आधी हातातला फोटो नीट बघा

खिडकीजवळ जा आणि फोटो थोडा तिरका धरून बघा. ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटच्या गडद भागावर, खासकरून कडांना, निळसर चंदेरी झाक दिसली तर ती चांदी आहे, खरोखरची. विसाव्या शतकातले बहुतेक ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट हे जिलेटिनच्या थरात चांदीचे कण अशा पद्धतीने बनलेत, आणि दमट हवेमुळे, खराब कागद-पुठ्ठ्यातून निघणाऱ्या वायूंमुळे ती चांदी वर्षानुवर्षं हळूहळू पृष्ठभागावर येते आणि आरशासारखी चमकते. ती पुसायची नाही, पुसलीत तर चित्रच पुसाल. त्याचा बंदोबस्त स्कॅन करताना आणि नंतर चॅनेलमध्ये करता येतो, पुढे सांगते.

पातळ कागद जाड पुठ्ठ्यावर डकवलेला, रंग चॉकलेटी आणि पांढरे भाग पिवळे पडलेले, असं असेल तर तो अल्ब्युमेन प्रिंट असायची शक्यता जास्त. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर असलेली ही पद्धत १८५० साली आली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत जोरात चालली. आणि फोटो जर चकचकीत धातूच्या पत्र्यावर असेल, एका कोनातून पॉझिटिव्ह आणि दुसऱ्या कोनातून निगेटिव्ह दिसत असेल तर तो डॅगेरोटाइप, त्याच्या पृष्ठभागाला ब्रशसुद्धा लावू नका, फक्त फोटो काढा आणि ठेवून द्या.

बाकी प्रिंटवरची धूळ हवेच्या रबरी ब्लोअरने उडवा, मग अगदी मऊ ब्रश, बस. ओला कपडा नको, स्पिरिट नको, थुंकी तर अजिबात नको (हसू नका, मी बघितलंय). जिलेटिन पाण्याने फुगतं आणि मऊ पडतं, आणि बुरशी लागलेल्या फोटोत तर ते इतकं खचलेलं असतं की ओल्या बोळ्याबरोबर नाकडोळे निघून येतात. सुकी धूळ झाडून जे राहील ते कॉम्प्युटरवर काढायचं.

फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेसकट स्कॅन करा. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो सुटत नसेल तर मेण नसलेला दातांचा फ्लॉस फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू सरकवत न्या, तरी नाही सुटला तर पूर्ण पान स्कॅन करा. फाटलेला असेल तर चिकटपट्टी लावू नका, तिचा डिंक पुढे पिवळा पडून कागदात मुरतो, तुकडे सुटे सुटे स्कॅन करून स्क्रीनवर जोडा. गुंडाळी झालेला फोटो जोर लावून सपाट केला तर वरचा थर तडकतो, तेही नको. आणि फोटोची मागची बाजू पण स्कॅन करा. नाव, तारीख, स्टुडिओचा शिक्का, काहीही असू शकतं, आणि दहा वर्षांनी कोणाला काय कामाचं वाटेल सांगता येत नाही.

स्कॅन: इथे कंजूषी केली की सगळं मुसळ केरात

बारकावे वाचवायचे म्हणता ते मुळात फाइलमध्ये आले तर वाचवणार ना. फ्लॅटबेड स्कॅनर असेल तर उत्तम. साध्या प्रिंटला ६०० डीपीआय (म्हणजे दर इंचाला तितके ठिपके), पासपोर्ट आकाराचा किंवा ग्रुप फोटोतलं एखादं चिमुकलं डोकं मोठं करायचं असेल तर १२००. त्याच्या वर प्रिंटमध्ये बहुतेक वेळा नुसता कागदाचा पोत आणि धूळच जास्त मिळते.

बिट डेप्थ १६ ठेवा, म्हणजे रंगीत स्कॅनला स्कॅनरच्या भाषेत ४८ बिट. कारण समजून घ्या कारण हे लोक सर्रास सोडून देतात. ८ बिटमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या असतात. फिकट पडलेल्या फोटोचे सगळे टोन समजा त्यातल्या ६० पायऱ्यांमध्ये दाटीवाटीने बसलेत, आता तुम्ही कॉन्ट्रास्ट वाढवून ते ताणले की त्या ६० पायऱ्याच लांब लांब होतात, मधल्या जागा रिकाम्या, आणि गालावर, आकाशात पट्टे दिसायला लागतात. १६ बिटमध्ये ६५,५३६ पायऱ्या आहेत, ताणा किती ताणायचं ते. फाइल मोठी होते हे खरं, ६ बाय ४ इंचाचा फोटो ६०० डीपीआयला ३६०० बाय २४०० पिक्सेल, म्हणजे ४८ बिटमध्ये साधारण ५२ एमबी, पण काम संपेपर्यंत सोसायचं.

फॉरमॅट टिफ, त्यात तपशील कापला जात नाही. जेपेग शेवटी पाठवायला, मधे नाही.

स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधलं शार्पनिंग, डस्ट रिमूव्हल, कलर रिस्टोरेशन, ऑटो एक्सपोजर हे सगळं बंद. ऑटोवाला कॉन्ट्रास्ट देखणा दिसतो पण तो दोन्ही टोकं कापतो, काळ्या कोटातल्या घड्या आणि पांढऱ्या कपड्यावरची वीण तिथेच मेली, नंतर काही केलं तरी येत नाही. प्रीव्ह्यूमध्ये हिस्टोग्राम बघा (कुठला टोन किती आहे त्याचा आलेख, डावीकडे काळा, उजवीकडे पांढरा), त्यातला डोंगर दोन्ही बाजूंच्या भिंतींना टेकलेला नको, दोन्हीकडे थोडी मोकळी जागा हवी. स्कॅन मळकट आणि बावळट दिसेल. दिसू दे.

आणि हे महत्त्वाचं: ब्लॅक अँड व्हाइट फोटो पण रंगीत मोडमध्येच स्कॅन करा. ग्रेस्केलमध्ये केलात तर डाग दूर करायचं सगळ्यात भारी हत्यार हातातून गेलं.

कागदाला रेशमी किंवा मधाच्या पोळ्यासारखा उठाव असेल तर फोटोभर ठिपक्यांची जाळी येते, त्याला एक जुनी युक्ती आहे. फोटो एकदा सरळ स्कॅन करा, मग १८० अंशात फिरवून पुन्हा. दुसरा स्कॅन कॉम्प्युटरवर परत सरळ करायचा, पहिल्यावर ठेवून ऑटो अलाइन करायचं आणि वरच्या लेयरची, म्हणजे थराची, ओपॅसिटी (अपारदर्शकता) ५० टक्के. स्कॅनरचा दिवा एका बाजूने येतो त्यामुळे उठावांच्या सावल्या दोन स्कॅनमध्ये उलट्या दिशेला पडतात आणि एकमेकींना बऱ्यापैकी खाऊन टाकतात, फोटोचा तपशील मात्र दोन्हीकडे तोच असल्याने जागेवर राहतो.

चांदीची झाक फारच असेल तर स्कॅनर हरतो, तिथे कॅमेरा बरा. दोन्ही बाजूंनी ४५ अंशात दिवे, दिव्यांवर पोलरायझर फिल्म, लेन्सवर पोलरायझर, आणि लेन्सवरचा फिरवत जायचा, एका जागी चमक जवळजवळ नाहीशी होते. फोनने काढणार असाल तर रॉ फाइल मिळते का बघा, कारण फोन स्वतःच नॉइज (चित्रातली खरखर) पुसतो आणि वरून शार्प करतो, म्हणजे तुम्ही सुरुवात करायच्या आधीच कोणीतरी रिटच करून मोकळा.

निगेटिव्ह सापडली तर प्रिंट विसरा आणि निगेटिव्ह स्कॅन करा, ३५ एमएमला ३२०० डीपीआयच्या आसपास. फक्त एक लक्षात असू द्या, स्कॅनरचं इन्फ्रारेडवालं धूळ काढणं रंगीत निगेटिव्हवर मस्त चालतं पण ब्लॅक अँड व्हाइटवर चालत नाही. चांदी इन्फ्रारेड अडवते, त्यामुळे बिचाऱ्या स्कॅनरला सगळा फोटोच धूळ वाटतो.

स्कॅन झाला की त्या फाइलची कॉपी करा आणि मूळ फाइल कुलूपबंद. नावात "मूळ" असं लिहा, दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा, परत उघडायची पण नाही. काम कॉपीवर.

चॅनेल उघडून बघा, निम्मं काम तिथेच आहे

ही माझी सगळ्यात आवडती पायरी आणि बरेच जण हिच्याकडे ढुंकून बघत नाहीत. रंगीत स्कॅन म्हणजे लाल, हिरवा, निळा अशी तीन वेगवेगळी ब्लॅक अँड व्हाइट चित्रं एकावर एक. चॅनेल पॅनेलमध्ये जाऊन एकेकावर क्लिक करून तिन्ही बघा. एकाच फोटोचे तीन अवतार दिसतील, कुठे डाग ठळक तर कुठे गायब.

का ते सोपं आहे. पिवळा किंवा तपकिरी डाग निळा प्रकाश खातो, लाल नाही. म्हणून निळ्या चॅनेलमध्ये तो डाग काळाकुट्ट, हिरव्यात मध्यम आणि लाल चॅनेलमध्ये जवळजवळ नाहीच. पाण्याचे डाग, कागदावरचे तपकिरी ठिपके, जुन्या चिकटपट्टीचा पिवळेपणा, सगळ्यांना हेच लागू. चांदीची झाक निळसर असल्याने तीसुद्धा लाल चॅनेलमध्ये सगळ्यात कमी दिसते. याच्या उलट कोणी निळ्या पेनने फोटोवर रेघोट्या मारल्या असतील तर लाल चॅनेलमध्ये त्या ठसठशीत दिसतील आणि निळ्या चॅनेलमध्ये विरघळतील. पेनाखालचा चेहरा तिथे तसाच्या तसा असतो, क्लोन करून (शेजारचा तुकडा उचलून वर छापून) रंगवायची गरजच पडत नाही.

मग नुसता लाल चॅनेल घेऊन मोकळं व्हायचं का? नाही ना, इथेच गंमत आहे. फोटो जर स्वतःच फिकट पिवळट तपकिरी झाला असेल तर उरलेलं चित्र पण पिवळट तपकिरीच आहे, म्हणजे ते सुद्धा निळ्याच चॅनेलमध्ये सगळ्यात जास्त उठून दिसतं. ओठांची कड, पापण्या, साडीचे काठ हे निळ्यात स्पष्ट आणि लाल चॅनेलमध्ये भुरकट. म्हणजे डाग घालवायला लाल हवा आणि तपशील आणायला निळा हवा.

यावर उपाय असा. निळा चॅनेल कॉपी करून एका लेयरवर ठेवा, लाल त्याच्या वरच्या लेयरवर. दोघांचा कॉन्ट्रास्ट लेव्हल्सने (काळा आणि पांढरा बिंदू सरकवायचं टूल) आधी सारखा करून घ्या, नाहीतर जोड दिसेल. मग वरच्या लाल लेयरला काळा मास्क (मास्क काळा तिथे लेयर झाकलेला, पांढरा तिथे उघडा), आणि जिथे जिथे डाग आहे तिथेच मऊ ब्रशने मास्कवर पांढरं फिरवा. डागाच्या जागी लाल, बाकी सगळीकडे निळा. निळ्यात ग्रेन (फोटोचे बारीक कण) फार खरखरीत येत असेल तर तळाला निळ्याऐवजी हिरवा घ्या, तो मधला मार्ग. हे करायला वीस मिनिटं लागतात आणि त्यात तुम्ही एक पिक्सेलसुद्धा मनाचा घातलेला नसतो, सगळं फोटोतलंच.

जुन्या फोटोचा तपकिरी रंग शेवटी परत हवा असेल तर तो सगळ्यात शेवटी एका रंगाच्या लेयरने देता येतो, त्याची काळजी आत्ता करू नका.

टोन

आता लेव्हल्स किंवा कर्व्ह्ज (रेषा वाकवून टोन उजळ-गडद करायचं टूल), ॲडजस्टमेंट लेयर म्हणून, म्हणजे फोटोच्या वर वेगळा थर, थेट फोटोवर नाही. काळा आणि पांढरा बिंदू आत आणा पण भिंतीपर्यंत नका आणू, ० ते २५५ च्या मापात सगळ्यात गडद जागा ८ ते १५ च्या आसपास आणि सगळ्यात उजळ २४५ च्या आसपास ठेवली की दोन्हीकडे तपशील जिवंत राहतो. आणि फोटो सगळीकडे सारखा फिका पडलेला नसतो. कडा उडालेल्या, मधे ठीक, किंवा एक कोपरा उजेडात राहिलेला. अशा वेळी पूर्ण फोटोला एकच कर्व्ह लावला की मधला चेहरा करपतो. प्रत्येक भागाला वेगळा कर्व्ह लेयर, भला मोठा मऊ मास्क.

एक गोष्ट चूक समजून सुधारू नका. जुन्या प्लेट्स आणि ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे, निळा मात्र भरपूर. म्हणून त्या फोटोंमध्ये ओठ काळपट, लालसर त्वचा गडद आणि आकाश कोरं पांढरं येतं. तो फोटोच तसा आहे, त्यात ढग घालायला जाऊ नका. आणि याच कारणाने अशा फोटोला रंग भरताना राखाडी छटेवरून "हा कपडा फिका दिसतोय म्हणजे पांढरा असणार" असा अंदाज फसतो, तो गडद निळा पण असू शकतो.

रंगीत प्रिंट लाल पडले असतील तर

१९६० आणि ७० च्या दशकातले बरेच रंगीत फोटो आज लालसर दिसतात कारण त्यातला निळसर हिरवा म्हणजे सायन डाय अंधारात, अल्बममध्येच उडून गेला. लेव्हल्समध्ये एकेक चॅनेल वेगळा निवडून दोन्ही टोकं जिथे डोंगर सुरू होतो तिथवर आणा. एवढ्यानेच सत्तर टक्के फरक पडतो. राहिलेला रंगदोष कर्व्ह्जमध्ये चॅनेलवार, कारण सावलीत एक झाक आणि उजेडात दुसरी असं असतं. लाल चॅनेल ताणल्यावर तिथे नॉइज फार दिसेल, तर फक्त रंगाचा नॉइज कमी करा, उजेड-सावलीचा नाही. तपशील उजेडात असतो, रंग थोडा धुरकट झाला तरी डोळ्याला कळत नाही. आणि डाय पूर्णच गेला असेल तर हिरव्या चॅनेलमधून चांगला ब्लॅक अँड व्हाइट करा, जबरदस्तीच्या हिरव्यागार चेहऱ्यांपेक्षा ते कितीतरी बरं.

डाग, ओरखडे, चुण्या

आता कुठे ब्रश हातात घ्यायचा. बघा किती उशिरा आला.

फोटोशॉपमध्ये नवीन रिकामा लेयर घ्या, हीलिंग (क्लोनसारखंच, पण आणलेला तुकडा आजूबाजूच्या टोनशी जुळवणारं) आणि क्लोन दोन्ही टूलला "करंट अँड बिलो" सांगा आणि त्या लेयरवरच काम करा. गिंपमध्ये मी लेयरची कॉपी करून त्यावर हील वापरते. हेतू एकच, मूळ खाली शाबूत हवा. का, ते सांगते. एका ग्रुप फोटोत एका काकांच्या कोटावर तिरकी पांढरी रेघ होती, मी ओरखडा समजून अगदी सफाईने उडवली, खूष पण झाले, आणि दोन दिवसांनी दुसऱ्या फोटोत तोच कोट, तीच रेघ. खिशातल्या घड्याळाची साखळी होती ती! लेयर होता म्हणून खोडरबर फिरवून परत आणली. तेव्हापासून कुठलीही रेघ उडवायच्या आधी ती कपड्याच्या घडीबरोबर वळते का बघते. ओरखडा कशाचीच पर्वा न करता सरळ जातो, वस्तू मात्र घडीबरोबर वळते, सावली टाकते. तीळ, व्रण, देवीचे वण यांचंही तसंच, शंका असेल तर राहू द्या.

१०० टक्के झूमवर काम करा. ४०० टक्के झूमवर प्रत्येक ग्रेन डाग वाटतो आणि माणूस वेडा होतो. डाव्या वरच्या कोपऱ्यातून सुरू करून ओळीओळीने खाली या, मन मानेल तिथे उड्या मारल्या की अर्धं राहून जातं.

तपशील वाचवणारी खरी युक्ती क्लोनच्या मोडमध्ये आहे. पांढरा ओरखडा असेल तर क्लोन स्टॅम्पचा मोड डार्कन करा, काळा डाग असेल तर लायटन. डार्कनमध्ये क्लोन फक्त तेच पिक्सेल बदलतो जे आणलेल्या पिक्सेलपेक्षा उजळ आहेत, म्हणजे ओरखडा झाकला जातो आणि त्याच्या शेजारची केसांची गडद बट जशीच्या तशी. नॉर्मल मोडमध्ये तीच बट अर्धी पुसली गेली असती. अगदी केसांतून जाणारे ओरखडे या एका गोष्टीने जमायला लागले.

ब्रश डागापेक्षा जेमतेम मोठा घ्या आणि कडा फार मऊ नको, हार्डनेस ७० च्या आसपास. मऊ ब्रशच्या कडेला दोन पोत एकमेकांत मिसळतात आणि तिथे ग्रेन विरघळून वलय दिसतं, ते वलय नंतर शार्प केल्यावर ओरडून सांगतं की इथे कोणीतरी पुसलंय. सोर्स (जिथून तुकडा उचलताय ती जागा) सारखा बदलत राहा, नाहीतर एकच ठिपका दर सेंटीमीटरला दिसायला लागेल. हीलिंग ब्रश मोकळ्या जागी छान, पण कड जवळ आली (हनुवटी आणि पार्श्वभूमी, कॉलर आणि मान) की तो पलीकडचा काळोख इकडे ओढतो, तिथे आधी सिलेक्शन करून कड बांधून घ्या किंवा सरळ क्लोन वापरा.

डस्ट अँड स्क्रॅचेस फिल्टर पूर्ण फोटोवर मारणं म्हणजे रोगापेक्षा इलाज भयंकर. पार्श्वभूमीवर हजारो ठिपके असतील तर लेयरची कॉपी करून तिच्यावर मारा, काळा मास्क लावा आणि फक्त मोकळ्या पार्श्वभूमीवर पांढरं रंगवा. माणसांवर नाही.

मोठी घडी चेहऱ्यावरून गेली असेल तर दोन्ही बाजूंचं चित्र किंचित सरकलेलं असतं, आधी एक बाजू कापून नव्या लेयरवर घेऊन रेषा जुळवा (नाकाची, चष्म्याची), मग मधली फट भरा. न जुळवता भरलं तर माणूस ओळखीचा वाटत नाही आणि का ते कळत पण नाही.

धुरकट मोठे डाग: पोत आणि रंग वेगळे करा

चॅनेलने पण न गेलेला मोठा पाण्याचा डाग, ज्याच्या खाली तपशील दिसतोय पण तो भाग गडद झालाय, त्यावर क्लोन करू नका. फ्रिक्वेन्सी सेपरेशन करा. नाव भारदस्त आहे, प्रकार साधा. आत्तापर्यंतच्या सगळ्याची एक सपाट कॉपी करून तिच्या दोन प्रती करा. खालच्या प्रतीला गॉशियन ब्लर (धूसर करणारा फिल्टर) द्या, इतकाच की ग्रेन आणि वीण दिसेनाशी होईल पण डागाचा आकार दिसत राहील, ६०० डीपीआयच्या स्कॅनला ६ ते १२ पिक्सेल पुरतात. वरच्या प्रतीवर अप्लाय इमेज उघडून सोर्सला ती खालची ब्लर लेयर द्या, १६ बिट फाइलला ब्लेंडिंग ॲड, इन्व्हर्टवर टिक, स्केल २, ऑफसेट ०. (८ बिटला सबट्रॅक्ट, स्केल २, ऑफसेट १२८.) मग वरच्या लेयरचा मोड लिनिअर लाइट. फोटो परत होता तसा दिसला म्हणजे बरोबर झालं. गिंपमध्ये हेच काम ग्रेन एक्स्ट्रॅक्ट आणि ग्रेन मर्ज या मोडने होतं, शिवाय तिथे वेव्हलेट डिकंपोज नावाचा फिल्टर आयता मिळतो.

आता वरच्या लेयरमध्ये फक्त पोत आहे आणि खालच्यात फक्त उजेड-सावली. डाग खालच्यात. लॅसोने डाग निवडा, कड मऊ करा, कर्व्ह्जने उजळवा किंवा आजूबाजूचा टोन हलक्या ब्रशने भरा. वरचा पोत कोणी हलवला नाही, त्यामुळे डाग जातो आणि कापडाची वीण तिथेच. फक्त हे त्वचा गुळगुळीत करायला वापरू नका, मोह होतो.

चेहरा

सगळ्यात कमी काम इथे करा. डोळ्याचा भाग फाटून गेला असेल तर दुसऱ्या डोळ्याची आरशातली प्रत लोक लावतात, पण उजेड एका बाजूने येत असतो, प्रत उलटवली की डोळ्यातली चमक पण उलटते आणि माणूस तिरळा दिसायला लागतो. चमक पुसून मूळ बाजूला परत ठेवा, पापणीची जाडी बघा. त्याहून चांगलं म्हणजे त्याच व्यक्तीचा साधारण त्याच वयाचा, त्याच कोनातला दुसरा फोटो शोधा. नाहीच मिळाला तर तिथे जरा धूसर ठेवा. धूसर डोळा चालतो, खोटा डोळा घरातल्यांना खटकतो.

स्टुडिओतल्या जुन्या फोटोंवर कधी कधी पेन्सिलने निगेटिव्ह रिटच केलेली असते, गालावर बारीक रेघा दिसतात, किंवा हाताने रंग भरलेला असतो. ते नुकसान नाही, त्या कारागिराचं काम आहे. राहू द्या.

एआयचं काय करायचं

सगळे हेच विचारतात. चेहरा "सुधारणारी" मॉडेल्स, जीएफपीगॅन, कोडफॉर्मर वगैरे, ही हजारो इतर चेहऱ्यांवर शिकलेली आहेत. तुमच्या फोटोत डोळ्याच्या जागी सहा पिक्सेल असतील तर ती तिथे एक छान डोळा बसवतात, कोणाचा तरी. तोंडवळा साधारण तोच राहतो आणि माणूस बदलतो. ग्रुप फोटोत तर सगळे एकमेकांचे चुलत भाऊ दिसायला लागतात.

म्हणून मी ते फुकट मदतनीसासारखं वापरते. एआयचा निकाल वेगळ्या लेयरवर आणायचा, काळा मास्क, आणि फाटलेली पार्श्वभूमी, जमीन, भिंत, कोपरा अशा ठिकाणीच तो उघडायचा. चेहऱ्यावर घ्यायचाच असेल तर २० टक्के ओपॅसिटीच्या वर नाही आणि डोळे-ओठ सोडून. आणि फाइलच्या नावात एआय वापरल्याची खूण ठेवा, म्हणजे पुढे कोणी त्या फोटोवरून "आजीच्या हनुवटीला खळी होती" असं ठरवणार नाही.

ग्रेन, शार्पनिंग, प्रिंट

जिथे मोठं भरणकाम झालं तिथला पोत बाकीच्या फोटोपेक्षा गुळगुळीत दिसतो. ५० टक्के राखाडी भरलेला लेयर, मोड ओव्हरले, त्यावर मोनोक्रोम नॉइज, मग अर्धा-एक पिक्सेल ब्लर, आणि मास्कने फक्त त्या जागी. शेजारच्या ग्रेनशी आकार जुळेपर्यंत ब्लर कमीजास्त करा. ग्रेन जुळला की जोड नाहीसा होतो, हे जादूसारखं आहे.

शार्पनिंग अगदी शेवटी, आणि ज्या आकारात छापायचंय त्या आकाराच्या कॉपीवर. रेडियस १ पिक्सेलच्या आसपास, प्रमाण बेताचं, चेहऱ्याभोवती पांढरी किनार दिसली की मागे या. प्रिंटला ३०० डीपीआय पुरतात, म्हणजे ६०० ला स्कॅन केलेला फोटो लांबी-रुंदीत दुप्पट मोठा आरामात निघतो.

पाठवायच्या आधी फाइल एक रात्र तशीच ठेवा. सकाळी उघडून आडवी फ्लिप करा, उलटा फोटो डोळ्याला नवा वाटतो आणि क्लोनचे डबल ठिपके, वाकडी हनुवटी लगेच पकडली जाते. मग खालचा मूळ लेयर चालू-बंद करून बघा आणि कानांवर, केसांच्या कडेवर नजर ठेवा, तिथे आधी होतं त्यातलं काही कमी झालं असेल तर त्या जागी तुमच्या लेयरवर खोडरबर फिरवा. लेयरवाली फाइल जपून ठेवा, टिफ वेगळी, जेपेग वेगळी. आणि मूळ फोटो परत त्या चिकट अल्बममध्ये कोंबू नका, आम्ल नसलेल्या कागदाच्या पाकिटात ठेवा, कोरड्या आणि थंड कपाटात, पाकिटावर नावं फोटो आत घालायच्या आधी मऊ पेन्सिलने लिहा, नाहीतर दाबून लिहिलेल्या अक्षरांचा उठाव फोटोवर उमटतो.